आडवे की उभे?

आजच्या भाषणाला थोडी तयारी लागणार आहे. जवळ पाटी असेल तर पाटी घ्या, नसेल तर वहीचे मागचे पान चालेल. रानात असाल तर काडी घेऊन मातीतच काढा, काही बिघडत नाही. उभ्या दोन रेघा मारा, त्यांच्यावरून आडव्या दोन रेघा मारा. झाली नऊ घरांची चौकट. आता मी सांगतो ते अंक भरा. वरच्या ओळीत तीन, पाच, आठ. मधल्या ओळीत चार, सात, अकरा. खालच्या ओळीत बारा, पस्तीस आणि शेवटच्या घरात प्रश्नचिन्ह.

३   ५   ८
४   ७   ११
१२   ३५   ?

प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल? माझे बोलणे चालू राहील, तुमचे डोके तिकडे चालू द्या. उत्तर आले की ते कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे ते लागणार आहे.

ही चौकट माझ्या मनात का राहिली, ते आधी सांगतो. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या चाकूर तालुक्यात मी पुष्कळ वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली, की शाळा सुटल्यावर एक तास जादा घ्यायचा, हा आमचा नेम. त्या परीक्षेत भाषा आणि गणिताबरोबर बुद्धिमत्ता चाचणीही असते, आणि अशा चौकटी हा त्या चाचणीतला नेहमीचा पाहुणा. लातूरचे नाव परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभर झालेले. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर आता दुसऱ्या जिल्ह्यांतही बोलतात. त्यामुळे खेड्यातल्या शाळेतसुद्धा सरावाच्या पुस्तिकांचा ढीग असे. अशाच एका पुस्तिकेतली ही चौकट मी एका संध्याकाळी फळ्यावर काढली.

वर्गातल्या बहुतेक मुलांनी सत्तेचाळीस लिहिले. तीन आणि पाच आठ, चार आणि सात अकरा, म्हणून बारा आणि पस्तीस सत्तेचाळीस. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरही सत्तेचाळीसच होते. मी भराभर वह्या तपासल्या. एका मुलीने अठ्ठ्याऐंशी लिहिले होते. मी लाल शाईने फुली मारली आणि पुढची वही उघडली.

ती मुलगी भांडली नाही, रडली नाही. पण त्या दिवसापासून तिचा हात वर येईनासा झाला. आधी प्रश्न पुरता व्हायच्या आत हात वर करणारी पोर. चार-पाच दिवसांनी माझ्या ध्यानात आले. मी तिला जवळ बोलावून विचारले, "काय गं, उत्तर येत नाही का?" ती म्हणाली, "येतंय गुरुजी, पण माझं चुकतंय." "काय चुकलं?" तेव्हा तिने वही काढली, फुलीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "मी वरून खाली वाचले. तीन चोक बारा व्हायलाय. पाच सत्ते पस्तीस व्हायलाय. मग अकरा अठ्ठे अठ्ठ्याऐंशी नको का व्हायला?"

श्रोते हो, आता तुमच्या पाटीवर बघा. डावीकडचा उभा रकाना तीन, चार, बारा. मधला पाच, सात, पस्तीस. दोन्ही रकान्यांत वरच्या दोन घरांचा गुणाकार खाली आला आहे. मग तिसरा रकाना आठ, अकरा, आणि त्यांचा गुणाकार अठ्ठ्याऐंशी. आडव्या वाचनाला दोन पूर्ण ओळींची साक्ष आहे, उभ्या वाचनालाही दोन पूर्ण रकान्यांची साक्ष आहे. एक जास्त नाही की एक कमी नाही. पोरीचे उत्तर बरोबर होते. चूक होती ती माझ्या लाल शाईची.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दोन गुणांचा प्रश्न, त्यात काय एवढे, असे तुम्ही म्हणाल. पण मला प्रश्न पडला तो असा: आपण या चौकटीतून मुलाला नेमके काय विचारतो? 'नियम शोध' असे विचारतो, की 'आमच्या मनातला नियम ओळख' असे विचारतो? दोन्हींत फार अंतर आहे.

आडवे का वाचायचे? कोणी म्हणेल, आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते म्हणून. बरे आहे, पण घरातली दिनदर्शिका बघा. काही दिनदर्शिकांत वार वर आडवे लिहिलेले असतात. तिथे उजवीकडे गेले की एक वाढतो आणि खाली गेले की सात वाढतात. काहींत वार डावीकडे एकाखाली एक लिहिलेले असतात. तिथे खाली गेले की एक वाढतो आणि उजवीकडे गेले की सात वाढतात. अंक तेच, महिना तोच, वाचायची दिशा मात्र फिरली. आणि एकतीसच्या पुढचे घर? बेरजेच्या हिशेबाने तिथे बत्तीस यायला हवेत. पण तिथे बत्तीस लिहिणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल. कारण तो कागद कशाचा आहे, हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण दुकानाच्या पावतीचे. तीन वह्या, दर चाळीस, रक्कम एकशे वीस. पाच पेनं, दर वीस, रक्कम शंभर. खाली एकूण दोनशे वीस. या पावतीत आडवा गुणाकार आहे आणि उभी बेरीज आहे, तीही फक्त शेवटच्या रकान्यात. नगांची बेरीज करून कोणी दराच्या बेरजेने गुणत नाही. हे सगळे आपल्याला न सांगता कळते, कारण पावतीच्या माथ्यावर 'नग, दर, रक्कम' असे छापलेले असते. कोड्याची चौकट म्हणजे माथा फाटलेली पावती. अंक तेवढे हातात आले, मथळा गेला. मग पावती वाचणारा आपल्या सवयीने तो मथळा भरतो. ज्याने शंभर सराव-प्रश्न सोडवले, त्याची सवय आडवी झालेली असते. ज्या पोरीचा बाप बाजारात बसतो, ती रकान्याच्या खाली बघायला शिकलेली असते. यात हुशारीचा फरक कुठे आला?

आणि खरी काळजी मला इथेच वाटते. शहरातल्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगून ठेवलेले असते, 'अशी चौकट आली की आधी आडवी बघायची.' वस्तीवरून, तांड्यावरून दोन मैल चालत येणाऱ्या मुलाला हे सांगणारा कोणी नसतो. तो स्वतःच्या डोक्याने विचार करतो, बरोबर करतो आणि फुली खातो. मग तो असे शिकतो की विचार करण्यात धोका आहे, सरांना काय हवे ते ओळखावे. एका फुलीची किंमत ही अशी असते.

आता सावध असलेला श्रोता विचारील, "म्हणजे काय गुरुजी, कोणी काहीही उत्तर द्यावे आणि तुम्ही बरोबरची खूण करावी?" नाही, तसे मुळीच नाही. त्याच वर्गात एका मुलाने अठ्ठावन्न लिहिले होते. मी विचारले, "कसे?" तो म्हणाला, "बारा नि पस्तीसमधी तेवीसचा फरक हाय. मग पस्तीस नि तेवीस अठ्ठावन्न." नियम कानाला बरा वाटतो. पण तो वरच्या ओळीला लावून बघा. तीन आणि पाच यांत दोनचा फरक, म्हणजे पुढे सात यायला हवेत, तिथे आठ आहेत. मधल्या ओळीत चार आणि सात, पुढे दहा हवेत, तिथे अकरा आहेत. नियम दोन्ही ठिकाणी पडला. तेव्हा अठ्ठावन्न चूक. ही चूक मी ठरवली नाही, वरच्या दोन ओळींनी ठरवली. मुलालाही ते पटले, कारण त्याने स्वतःच लावून बघितले.

पण पुढची गंमत ऐका. घरी बसून मी याच मुलाच्या हिशेबाकडे पुन्हा पाहिले. वर सात हवे होते, आठ आहेत. मध्ये दहा हवे होते, अकरा आहेत. दोन्हीकडे एक-एकच जास्त! मग नियम असा केला तर: फरक मिळवा आणि वर एक टाका. तीन, पाच, सात आणि एक आठ. चार, सात, दहा आणि एक अकरा. बारा, पस्तीस, अठ्ठावन्न आणि एक एकोणसाठ. नियम दोन्ही ओळींना लागू पडतो! म्हणजे या एका चौकटीला सत्तेचाळीस, अठ्ठ्याऐंशी आणि एकोणसाठ अशी तीन उत्तरे झाली, आणि शोधत बसलो तर आणखीही सापडतील.

यांतून निवड कशी करायची? इथे आपण साधेपणाकडे जातो. सत्तेचाळीसला एक बेरीज लागते. अठ्ठ्याऐंशीला एक गुणाकार लागतो. एकोणसाठला वजाबाकी, बेरीज आणि वरून एक, असे तीन सांधे लागतात. म्हणून एकोणसाठ मागे ठेवायचे. पण हे ध्यानात असू द्या, की साधा नियम घ्यावा हा आपसातला करार आहे, तो पुरावा नव्हे. आणि तो करारही सत्तेचाळीस व अठ्ठ्याऐंशी यांतले भांडण मिटवत नाही. दोन्ही सारखेच साधे. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एकच: प्रश्न अपुरा आहे.

'प्रश्न अपुरा आहे' असे म्हणायला आपल्याला जड जाते. छापील अक्षराचा आपल्यावर फार दाब. पण ज्यांनी अंकांवर जन्मभर प्रेम केले, ती माणसे नियमाच्या शब्दांविषयी किती दक्ष असतात, ते बघण्यासारखे आहे. आपल्याच महाराष्ट्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. १९३० ते १९६२ एवढा काळ त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवले. शाळा सांभाळून ते संख्यांशी खेळत बसत. मोठमोठ्या विद्यापीठांत जे दिसले नाही, ते या मास्तरांना दिसले. ६१७४ या संख्येला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

त्यांचा नियम असा. चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर हेच पुन्हा करा. उदाहरणार्थ ३५२४. उतरता क्रम ५४३२, चढता २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ही संख्या हाती लागते.

पण एवढेच सांगून भागत नाही. ११११ घेतले तर? वजाबाकी शून्य आली, खेळ संपला. म्हणून पहिली अट: चारही अंक सारखे नसावेत. आता २१११ घ्या. २१११ वजा १११२, उत्तर नऊशे नव्याण्णव. हे तीन अंकी समजले तर ९९९ वजा ९९९ शून्य, आणि नियम खोटा ठरला. पण त्याच्या आधी शून्य धरून ०९९९ लिहिले, तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४! म्हणून दुसरी अट: पुढचे शून्य गाळायचे नाही, संख्या चार अंकीच धरायची. या दोन अटी सोडल्या तर एवढा सुंदर नियम मोडून पडतो. नियम सांगणे आणि नियम पुरता सांगणे यांत असा फरक आहे.

आता तुम्ही म्हणाल, नियम पुरता सांगितला की सगळे प्रश्न मिटले. तसेही नाही. आपल्याकडे पंधराचे यंत्र पुष्कळांना माहीत आहे. कोणी ते दुकानाच्या भिंतीवर काढतात, कोणी कागदावर लिहून ठेवतात. एक ते नऊ अंक एकेकदाच वापरायचे, आणि आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज केली तरी पंधरा यायला हवी. या अंकांच्या चौकटींचे आपल्याकडे जुने शास्त्र आहे. नारायण पंडितांनी १३५६ साली 'गणितकौमुदी' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात अशा चौकटींवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्याला 'भद्रगणित' असे नाव आहे.

समजा, मी तुम्हाला हे पंधराचे यंत्र पुरे करायला दिले, आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात फक्त आठ लिहून दिले. नियम अगदी स्वच्छ आहे. तरीही उत्तरे दोन येतात.

८   १   ६
३   ५   ७
४   ९   २

हे एक. आणि हे दुसरे:

८   ३   ४
१   ५   ९
६   ७   २

दोन्ही तपासून बघा, सगळीकडे पंधरा. एकात जी आडवी ओळ, ती दुसऱ्यात उभा रकाना झाली आहे, एवढेच. पुन्हा तेच, आडवे की उभे! आठच्या उजवीकडे एक लिहून दिला, की मग उत्तर एकच उरते. म्हणजे कोडे दोन प्रकारांनी अपुरे असू शकते. एकतर नियम सांगितलेला नसतो, किंवा नियम सांगितलेला असतो पण दिलेले अंक कमी पडतात.

वर्तमानपत्रांतून येणारे सुडोकू नावाचे कोडे पुष्कळांनी पाहिले असेल. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, आणि आत नऊ लहान चौकटी; प्रत्येकीत एक ते नऊ अंक एकेकदा. तिथे बेरीज-वजाबाकी काहीच नाही. हे कोडे १९७९ साली अमेरिकेतल्या एका मासिकात आले, नाव त्याला पुढे जपानात मिळाले. त्यात निदान किती अंक दिले म्हणजे उत्तर एकच येईल, याचा शोध गणित्यांनी घेतला. २०१२ साली आयर्लंडमधल्या गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीने दाखवले, की सतरापेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेले सुडोकू करताच येत नाही. सांगायचे कारण एवढेच, की 'उत्तर एकच आहे ना?' ही तपासणी कोडे रचणाऱ्याचे काम आहे. ते काम सोडवणाऱ्या पोराच्या गळ्यात घालू नये.

शब्दांचा घोटाळाही थोडा नसतो. मघाची रिकामी चौकट पुन्हा काढा, या वेळी बाहेरच्या चारही कडा ओढून घ्या. वर्गात विचारा, 'यात चौकोन किती?' कोणी म्हणेल नऊ. कोणी म्हणेल चौदा: लहान नऊ, चार-चार घरांचे चार आणि बाहेरचा मोठा एक. कोणी म्हणेल छत्तीस. आणि तिघेही आपल्या परीने खरे! कारण बोलण्यात आपण 'चौकोन' म्हणतो तेव्हा पुष्कळदा एक घर मनात असते. पाठ्यपुस्तकात चौरस म्हणजे चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोन. त्या अर्थाने चौदा. आणि चौकोन म्हणजे चार बाजूंची कोणतीही बंद आकृती. मग दोन घरांचे, तीन घरांचे, सहा घरांचे आयतही मोजावे लागतात, आणि सगळे मिळून छत्तीस होतात. तेव्हा प्रश्न करताना 'घरे किती', 'चौरस किती', 'आयतासह सर्व चौकोन किती' असे एकेक शब्द तोलून लिहावा.

आता शिक्षक बंधू-भगिनींसाठी चार गोष्टी. माझ्या चुकीतून शिकलेल्या आहेत, म्हणून हक्काने सांगतो.

पहिली गोष्ट, चौकट दिसली की मुलांना लगेच उत्तर मागू नका. आधी दिलेले काय आणि विचारलेले काय, हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग आडवे बघा, उभे बघा, तिरपे बघा. प्रत्येक दिशेला काय सापडते ते फळ्यावर लिहा.

दुसरी, नियम शब्दांत म्हणायला लावा. 'पहिल्या दोन घरांची बेरीज तिसऱ्या घरात' असे पूर्ण वाक्य. नुसते 'सत्तेचाळीस' हे उत्तर झाले, विचार झाला नाही. आणि सापडलेला नियम दिसणाऱ्या प्रत्येक पूर्ण ओळीला लावून बघा. एका ओळीवर विसंबू नका. दोन, दोन, चार एवढीच ओळ असेल, तर बेरीजही चालते आणि गुणाकारही चालतो. त्याखाली तीन, एक, चार आले की गुणाकार गळतो.

तिसरी, परीक्षेत पर्याय दिलेले असतात, तेही प्रश्नाचाच भाग समजा. आपल्या चौकटीला पंचेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न आणि चौऱ्याऐंशी असे पर्याय असते, तर अठ्ठ्याऐंशीला जागाच नव्हती; मूल आपोआप आडव्या वाचनाकडे आले असते. उभा नियम चुकला म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते पर्यायांनी सांगितले म्हणून. मात्र सत्तेचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी दोन्ही पर्यायांत असतील, तर दोष प्रश्नाचा. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि ठरलेल्या मुदतीत त्यावर आक्षेप मागवते. त्या वेळी गप्प बसू नका. रागाचे पत्र लिहायचे नाही. दुसरा नियम एका वाक्यात मांडायचा, तो कोणत्या दोन ओळींना लागू पडतो ते दाखवायचे, आणि त्याने कोणते उत्तर येते ते लिहायचे. बस्स. आपल्या गावच्या एका मुलासाठी केलेला आक्षेप अनोळखी हजारो मुलांच्या उपयोगी पडतो.

चौथी, कोडे स्वतः रचाल तेव्हा ते दुसऱ्या कोणाकडून सोडवून घ्या, आणि वेगळे उत्तर आले तर त्याला हसू नका. आपली चौकट दुरुस्त करणे किती सोपे होते बघा. मधल्या ओळीखाली सहा, नऊ, पंधरा ही एक ओळ वाढवली असती, तर सगळा प्रश्न मिटला असता. सहा आणि नऊ पंधरा, बेरीज टिकली. डाव्या रकान्यात तीन आणि चार यांच्या खाली बाराऐवजी सहा आले, गुणाकार गेला. फरक मिळवून एक टाकायचा, तर सहा, नऊ, बारा आणि एक तेरा. तिथे पंधरा आहेत, तोही गेला. एका ओळीने दोन वाटा बंद झाल्या. किंवा याहून सोपे म्हणजे चौकटीवर एक वाक्य लिहायचे: 'आडव्या ओळींतील नियम शोधा.'

पालकांनाही एक विनंती आहे. आपण शिकलेले नाही, मग पोराचा अभ्यास काय घेणार, असे पुष्कळ आईबाप म्हणतात. अहो, उत्तर तुम्हाला यायची गरज नाही. पोराने काही लिहिले असेल, तर एवढेच विचारा, "हे कसं काढलंस, मला सांग बरं." ते सांगताना त्याचे त्यालाच चुकलेले दिसते, आणि बरोबर असेल तर त्याची छाती दोन बोटे फुगते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. दुसऱ्या दिवशी मी तीच चौकट पुन्हा फळ्यावर काढली. वर्गाला सांगितले, "या कोड्याला दोन बरोबर उत्तरे आहेत. एक तुम्ही काढले, एक हिने काढले. मी फक्त पुस्तिका बघितली, म्हणून फुली मारली. चूक माझी होती." मग तिची वही मागून घेतली, फुली खोडली आणि बाजूला बरोबरची खूण करून खाली सही केली. वर्ग चिडीचूप झाला. गुरुजी चुकतात, हे त्यांनी कदाचित पहिल्यांदाच ऐकले असावे.

तिचा हात लगेच वर आला नाही. आठवडा गेला. मग एक दिवस मी नवी चौकट काढत होतो. खडू अजून फळ्यावरच होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "गुरुजी, आडवं का उभं, ते आधी सांगा की!" मी वळून पाहिले. तिचा हात वर होता. आणि मग काय, सगळा वर्गच तसे विचारू लागला. पुढे मी त्या शाळेत होतो तोवर चौकट काढली रे काढली, की हा प्रश्न यायचाच. मी मुलांना म्हणायचो, "मला विचारा, पुस्तकाला विचारा, परीक्षेलासुद्धा विचारा."

तुमच्या पाटीच्या कोपऱ्यात जे उत्तर लिहून ठेवले आहे, त्याच्यापुढे आता नियमही लिहा. आणि घरातल्या लहान मुलाला तीच चौकट द्या. त्याचे उत्तर वेगळे आले, तर फुली मारायच्या आधी त्याला विचारून बघा.